मोडलेली बैठक

पुण्यातील सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमधून हिंडताना ठिकठिकाणी अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. दरमहा पैसे मोजून विद्यार्थी तेथे काय विकत घेतात? एक टेबल, एक खुर्ची, डोक्यावर पंखा आणि शांतता. ज्या घरात किंवा 'कॉट बेसिस'च्या ज्या खोलीत अभ्यासाला जागा नाही, तेथील मुलामुलींसाठी ही शांतता फार मोलाची असते. गेल्या पावसाळ्यात एका परिचितांच्या अभ्यासिकेत कामानिमित्त तासभर बसण्याचा योग आला. समोरच्या टेबलाशी एक विद्यार्थी वाचत बसला होता. मराठवाड्यातून आलेला, पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला असलेला. पुस्तक उघडे, वही उघडी आणि वहीशेजारी मोबाइल उपडा ठेवलेला.

मोबाइल उपडा ठेवण्यातच सारे काही आले. मोह आहे, हे त्याला ठाऊक होते आणि तो आवरण्याची इच्छाही होती. तरीही दर दोन-तीन मिनिटांनी हात तिकडे जाई. फोन उलथा होई, पडदा उजळे, अंगठा वरखाली फिरे आणि काही क्षणांत फोन पुन्हा उपडा पडे. अर्ध्या तासात हे अकरा वेळा घडले. तेवढ्या वेळात पुस्तकाचे पान एकदाही उलटले नाही.

नंतर बाहेर चहाच्या टपरीवर त्याच्याशी बोलणे झाले. मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, रोज आठ तास बसतो. उनाडक्या नाहीत, सिनेमे नाहीत. पण परीक्षेत प्रश्न समोर आला की हे आपण वाचलंय एवढंच आठवतं. काय वाचलं ते आठवत नाही." दोन विषयांत केटी लागली होती. घरी अजून सांगितले नव्हते. वडिलांची कोरडवाहू शेती. महिन्याला मेसचे, खोलीचे आणि अभ्यासिकेचे पैसे तेथून येतात.

हा मुलगा आळशी नाही, बिघडलेलाही नाही. तो आठ तास बसतो, परंतु त्याची बैठक मोडली आहे. मराठीत 'बैठक' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गवयाची बैठक असते, पैलवानाची असते, तशी विद्यार्थ्याचीही असते. बैठक म्हणजे केवळ बसणे नव्हे. एका विषयात सलगपणे मुरण्याची ती क्षमता आहे. स्मार्टफोनमुळे विद्यार्थ्यांचा वेळ वाया जातो, अशी तक्रार आपण सारेच करतो. वेळ जातो हे खरेच. परंतु गेलेल्या वेळेहून मोठी हानी उरलेल्या वेळेची होते. ती वेळ हाती असूनही निकामी होते.

रामायण संपत असे

प्रत्येक पिढी पुढच्या पिढीविषयी कुरकुर करते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. आज पन्नाशी ओलांडलेली आमची पिढी महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर होती, तेव्हा घरोघर दूरदर्शन संच येत होते. 'पोरांचा अभ्यास बुडाला' हे वाक्य आम्हीही पुष्कळ ऐकले आहे. जानेवारी १९८७मध्ये 'रामायण' मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, शेजारीपाजारी संच असलेल्या घरी जमत. त्या वेळीही चिंता करणारे होतेच.

परंतु एक मूलभूत फरक ध्यानात घ्यायला हवा. रामायणाचा भाग संपत असे. तो संपला की माणसे उठत, रस्ते पुन्हा वाहू लागत आणि पुढचा रविवार येईपर्यंत वाट पाहावी लागे. संच दिवाणखान्यात असे, वडिलांच्या नजरेसमोर असे आणि अभ्यासाच्या टेबलापर्यंत येत नसे. कार्यक्रमाला शेवट होता आणि यंत्राला जागा होती. आजच्या मोबाइलला शेवट नाही आणि ठरावीक जागाही नाही. तो वर्गात येतो, ग्रंथालयात येतो, जेवणाच्या ताटाशेजारी येतो आणि रात्री उशाशी झोपतो. मोहाचे स्वरूप जुने असेल, पण हा सर्वव्यापी संचार पूर्णपणे नवा आहे.

आकडे काय सांगतात?

या प्रश्नावर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्याचा हवाला देताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १६ देशांतील ४४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत सुमारे १ लाख ४८ हजार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती होती. फोनची आसक्ती जितकी अधिक, तितकी शैक्षणिक कामगिरी खालावलेली, असा संबंध त्यातून दिसला. मात्र हा संबंध सौम्य होता; सहसंबंधाचा आकडा होता उणे ०.१२. शिवाय अशा अभ्यासांतून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. अभ्यास जमत नाही म्हणूनही मुलगा फोनकडे वळू शकतो.

मग एवढी काळजी कशाला? कारण सरासरीच्या आकड्यात बैठक मोजली जात नाही. विद्यार्थी दिवसाकाठी किती तास फोन पाहतो, हा अपुरा प्रश्न आहे. अभ्यासाच्या तासाचे त्या फोनने किती तुकडे केले, हा खरा प्रश्न होय. या दिशेने झालेले संशोधन अधिक बोलके आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधिका ग्लोरिया मार्क गेली अनेक वर्षे संगणकाच्या पडद्यावर माणसाचे लक्ष किती काळ टिकते, हे मोजत आहेत. २००४ साली हा काळ सरासरी अडीच मिनिटे होता. अलीकडच्या मोजण्यांमध्ये तो ४७ सेकंदांवर आलेला आढळला.

एका कामातून दुसऱ्या कामात गेलेले मन लगेच पूर्णपणे तेथे पोहोचत नाही, हे सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रयोगांती दाखवले. पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो. आपल्या त्या विद्यार्थ्याचेच उदाहरण घ्या. एखाद्या सूत्राची सिद्धता तिसऱ्या ओळीपर्यंत आली आहे. तेवढ्यात फोन उजळतो. गावाकडच्या गटावर कोणी तरी पावसाचे छायाचित्र टाकलेले असते. ते पाहायला पाच सेकंद लागतात. पण मन वहीकडे परतते, तेव्हा त्याच्यासोबत गावचा पाऊस, पेरणीची काळजी आणि वडिलांचा चेहरा असे सारे येते. सिद्धता पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावी लागते. आठ तासांत असे किती वेळा घडत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला, काहींनी खिशात वा पिशवीत आणि काहींनी दुसऱ्या खोलीत. सर्वांचे फोन मूक केलेले होते. स्मरणाच्या व तर्काच्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत फोन ठेवणारे सरस ठरले. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले, तेव्हा प्रत्येक वेळी हाच निष्कर्ष निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्यासाठी पैसे पडत नाहीत. ज्याला पडताळा घ्यायचा असेल, त्याने तो आठवडाभर स्वतःवरच घ्यावा.

अष्टावधानी कोण?

'आम्हाला एकाच वेळी अनेक गोष्टी करता येतात,' असे तरुण मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. त्यांना आपण कौतुकाने अष्टावधानी म्हणतो. पण अवधानाची आपल्याकडील परंपरा मुळात काय आहे? आठ पृच्छक आळीपाळीने आठ दिशांनी प्रश्न टाकतात. कोणी समस्यापूर्ती मागतो, कोणी अक्षरांचे निर्बंध घालतो आणि कोणी मुद्दाम विषयांतर करून अडथळा आणतो. अवधानी या सर्वांना तोंड देतो आणि अखेरीस प्रत्येक धागा जेथे सुटला होता, तेथून उचलून पूर्ण करतो. यासाठी वर्षानुवर्षे साधना करावी लागते. व्यत्यय येऊनही न तुटणारी धारणा हे अवधानाचे मर्म आहे. आपण आज ज्याला अष्टावधान समजतो, त्यात आठही धागे सुटलेले असतात आणि एकही पुन्हा हाती येत नाही.

ॲप गेले, सवय राहिली

हा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या मनोनिग्रहाचा मानणे अन्यायाचे होईल. त्याच्या समोर बसलेला प्रतिस्पर्धी सामान्य नाही. पडद्यावरचा मजकूर कधीच न संपण्याची, बोटाने सरकवत राहावे तसा तो येतच राहण्याची योजना एका अमेरिकी रचनाकाराने २००६ साली केली. पुढे त्याने स्वतःच त्याविषयी खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ साली जाहीरपणे मान्य केले की, वापरणाऱ्याचा अधिकाधिक वेळ आणि लक्ष कसे ताब्यात घ्यायचे, हाच ही व्यवस्था उभारणाऱ्यांपुढचा विचार होता. जाहिरातींवर चालणाऱ्या या व्यवसायात विद्यार्थ्याचे लक्ष हाच कच्चा माल असतो. जगातील अत्यंत कुशल अभियंते आणि मानसशास्त्राचे जाणकार एका बाजूला आणि एकोणीस वर्षांचा एकटा मुलगा दुसऱ्या बाजूला, अशी ही विषम लढत आहे.

येथे आपल्यालाही थोडे आत्मपरीक्षण करायला हवे. गलवानच्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता आणि आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. परंतु त्या पोकळीचे पुढे काय झाले? जुलै २०२०मध्ये इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' आणले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स'ची चाचणी भारतातच सुरू केली. मोज, जोश अशी देशी ॲपही पुढे आली. ॲप गेले; पण काही सेकंदांच्या चित्रफिती एकामागून एक पाहत राहण्याची सवय जागच्या जागी राहिली. चित्रफीत चिनी असो, अमेरिकी असो वा स्वदेशी, विद्यार्थ्याची बैठक ती सारख्याच सहजतेने मोडते. परकीय मालावर बहिष्कार घालता येतो. स्वतःच्या सवयीवर तो कसा घालावा, हे मात्र आपण तरुणांना शिकवले नाही.

त्यांच्या हाती फोन कोणी दिला?

तरुणांना दोष देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट आठवावी. सप्टेंबर २०१६मध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० साली टाळेबंदी आली, महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. ज्या वयात फोन दूर ठेवायला सांगायचे, त्याच वयात आपण 'फोन घेऊन बस' असे सांगितले. तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. पण वर्ग पुन्हा भरू लागल्यावर आपण तो फोन परत कोठे मागितला? आज वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येते, प्राध्यापकांच्या टिपणांची पीडीएफ तेथेच येते आणि परीक्षेची सूचना रात्री साडेदहा वाजता तेथेच झळकते. फोनपासून दूर राहणारा विद्यार्थी सूचनेला मुकतो. अशा स्थितीत 'फोन सोडा' हा उपदेश पोकळ ठरतो.

शाळेतून महाविद्यालयाकडे येणाऱ्या पिढीचे चित्रही स्पष्ट आहे. 'असर २०२४' या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. ही मुले आता महाविद्यालयांत येऊ लागली आहेत. फोनमध्ये 'स्वयम्'सारखे उत्तम अभ्यासक्रम आहेत, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. खेड्यातील विद्यार्थ्याला जे पूर्वी स्वप्नातही मिळाले नसते, ते आज त्याच्या तळहातावर आहे. अडचण इतकीच की, ग्रंथालय आणि जत्रा एकाच दाराने आत येतात.

आणि घरात आपण काय करतो? सकाळी उठल्याबरोबर सुप्रभातचे संदेश, दिवसभर पुढे ढकललेले मजकूर, रात्री जेवताना गटांवरील वादविवाद. आपले कार्यकर्तेही याला अपवाद नाहीत. बैठकीत वक्ता बोलत असताना किती जणांच्या माना खाली वळलेल्या असतात, हे व्यासपीठावरून स्पष्ट दिसते. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण मुले आपल्याला तोंडावर ऐकवत नाहीत, एवढाच त्यांचा शिष्टाचार.

सर्वाधिक किंमत कोण मोजतो?

ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याचे आईवडील शिकलेले आहेत आणि ज्याला महागडी शिकवणी लावता येते, त्याची बैठक मोडली तरी ती सावरणारे हात असतात. कुटुंबातून प्रथमच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्याला असा आधार नसतो. त्याचे भांडवल एकच: चिकाटीने बसण्याची क्षमता. इंग्लंडमधील चार शहरांतील शाळांमध्ये मोबाइलबंदीचे परिणाम तपासणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बंदीचा सर्वाधिक लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला आणि हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही, असे त्यात दिसले. अन्यत्र प्रत्येक वेळी असा लाभ आढळलेला नाही. तरीही त्यातील संकेत दुर्लक्षिण्याजोगा नाही. गरिबाच्या मुलाला पुढे येण्याचा जो एक मार्ग परिश्रमाचा होता, तोच हे यंत्र अडवत असेल, तर हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा राहत नाही. सामाजिक समतेचा होतो.

बंदी नव्हे, ठरलेला तास

मग उपाय काय? ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. मुलांच्या बाबतीत तसा विचार होऊ शकेल. पण विद्यापीठातील विद्यार्थी सज्ञान असतो. १९८९ साली मतदानाचे वय २१वरून १८ वर आले, तेव्हा आमच्या पिढीला केवढा अभिमान वाटला होता. देशाचे सरकार निवडण्याइतका जो शहाणा मानला, त्याचा फोन हिसकावून घेता येत नाही. त्याने तो स्वतः बाजूला ठेवावा, यासाठी वातावरण मात्र निर्माण करता येते.

असे वातावरण आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाने निर्माण करून दाखवले आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावात २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभेत एक निर्णय झाला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. या निर्णयात गावातील महिलांनी पुढाकार घेतला होता.

या प्रयोगातील खरी मेख ध्यानात घ्यावी. येथे मुलांवर बंदी घातलेली नाही. भोंगा सर्वांसाठी वाजतो. सरपंचाचा फोन बंद, शिक्षकाचा बंद, आईवडिलांचा बंद. एकट्याने मोह आवरणे कठीण असते. सर्वांनी मिळून एकाच वेळी आवरला की तो पुष्कळसा सोपा होतो. रोज ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी, ठरलेला तास एकत्र घालवल्याने माणूस कसा घडतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तोच अनुभव घरात आणि महाविद्यालयात आणायचा आहे.

अपेक्षा फार मोठ्या नाहीत. घरात रोज एक तास असा असावा की, सर्वांचे फोन एका खोलीत आणि सर्व माणसे दुसऱ्या खोलीत. सुरुवात आजोबांपासून व्हावी. महाविद्यालयांनी सूचना देण्याची दिवसातील एक वेळ निश्चित करावी आणि ती फलकावरही लावावी, म्हणजे उरलेल्या वेळी फोन पाहण्याचे निमित्त उरणार नाही. अभ्यासिका व वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी प्रवेशद्वाराशी कुलूपबंद खण ठेवावेत. सक्ती नको, सोय असावी. ज्याची आसक्ती फार वाढली आहे, त्याला रागावण्याऐवजी जाणकारांकडे न्यावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४पासून स्वतंत्र उपचारसेवा आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आणि विद्यार्थ्यांनी एकदम आठ तासांचा संकल्प करू नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून चाळीस मिनिटे सलग बसून पाहावे. पहिले काही दिवस जीव कासावीस होईल. मोडलेली बैठक पुन्हा जमायला अवधी लागतोच; रियाज सुटलेल्या गवयाला विचारा.

त्या दिवशी निघताना त्या विद्यार्थ्याला म्हटले, "आधी घरी केटीचं सांग. वडील रागावतील, पण तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. आणि उद्यापासून फोन बाहेर काकांकडे ठेवून आत जा." तो थोडा घुटमळला. मग विचारले, "सर, घरून फोन आला तर?" प्रश्न खोटा नव्हता. अभ्यासिकेचे परिचित जवळच उभे होते, ते म्हणाले, "माझा नंबर घरी दे. तातडीचं असेल तर मी बोलवीन." एवढ्या एका वाक्याने त्याची अडचण दूर झाली. आपल्या गावातील, आपल्या ओळखीतील किती मुलांना असे एक वाक्य कोणी तरी म्हणायला हवे आहे, याचा शोध प्रत्येकाने घ्यावा आणि तो घेण्यासाठी आज संध्याकाळी आपला फोन तासभर बाजूला ठेवून त्यांच्याशी बोलावे.